वायरिंगवर नाव कुठं घालायचं?

खानदेशात जाऊन काय पाहिलंस, असं सांगलीत भेटेल तो विचारतो. मी प्रामाणिकपणे सांगते, पंखे पाहिले. मग समोरचा माणूस विषय बदलतो. लोकांना अजिंठा हवा असतो. अजिंठा जळगावहून जवळ आहे हे मला मान्य आहे, आणि मी तिथं गेले नाही हेही मान्य आहे. पण ज्या कामासाठी मी गेले होते, त्यात लेणी बसत नव्हती.

काम तसं माझं नव्हतंच, शालूचं होतं. शालू आणि मी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात एका बाकावर बसायचो. पुढं मी सांगलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. ती आपल्या मुलखात परतली आणि जळगावच्या थोडं बाहेर असलेल्या एका विद्यापीठाची ग्रंथपाल झाली. विद्यापीठ नवं, इमारत जुनी. कॉलेजचंच विद्यापीठ झालेलं. नाव लिहू नकोस, असं तिनं मला बजावलंय. एप्रिलअखेरीला ती निवृत्त होणार होती, आणि जानेवारीत तिचा फोन आला.

"ये. चार दिवस माझ्याबरोबर देणग्या मागत फिर. तुला मागायची लाज वाटत नाही."

जुन्या मैत्रिणी स्तुती करतात ती अशी. मी बॅगेत दोन साड्या आणि दोन किलो भडंग भरलं आणि निघाले.

जळगाव

सकाळी स्टेशनवर शालूबरोबर आबा आले होते. आबा म्हणजे ग्रंथालयाचे जुने शिपाई, अमळनेरकडचे. शालूची गाडी तेच चालवतात, कारण शालूनं चालवली की आबा मागच्या सीटवर बसून देवाचं नाव घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "सांगलीवाल्या ताई" करून टाकलं. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

शालूनं मला घरी न नेता आधी ग्रंथालयात नेलं. वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षाला कुलूप होतं. खिडकीच्या काचेतून आत पाहिलं तर लांबलचक टेबलं, आणि छताला एका ओळीत, दुसऱ्या ओळीत, जिथं जागा मिळेल तिथं पंखे. काही तर इतके जवळजवळ की एकाचं पातं दुसऱ्याला लागेल की काय असं वाटावं. आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात नाव. एका पात्यावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर 'यांचे स्मरणार्थ'.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"आमच्याकडं देणगी म्हणजे पंखा," शालू म्हणाली. "उन्हाळा एवढा कडक. पुण्य म्हणजे वारा. कुणाचा बाप गेला, पंखा. कुणाचा मुलगा पास झाला, पंखा. मी कुणाला नाही म्हटलं नाही. इथं माझंच चुकलं."

चुकलं ते असं. कॉलेजच्या काळातलं वायरिंग मोजक्या पंख्यांसाठी घातलेलं. पंखे वाढत गेले, तारा त्याच राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यातून धूर आला. तपासणीला माणूस आला, त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि नवं वायरिंग होईपर्यंत कक्ष बंद ठेवा, असं लिहून दिलं. तेव्हापासून मुलं व्हरांड्यात, जिन्यात आणि कडुलिंबाच्या झाडाखाली बसून वाचतात. थंडीत चालून जातं. पण परीक्षा एप्रिल-मेमध्ये, आणि जळगावच्या मे महिन्यात झाडाखाली झाडसुद्धा उभं राहायला तयार नसतं.

विद्यापीठानं सांगितलं होतं, निम्मा खर्च आम्ही करू, निम्मा तुम्ही देणगीतून आणा. शालू गेले सहा महिने वायरिंगसाठी देणगी मागत होती. आणि गेल्या सहा महिन्यांत तिला मिळाले होते आणखी अकरा पंखे. खालच्या खोलीत ते खोक्यांत बंद होते.

आबांनी खोक्यांवरची धूळ फडक्यानं झटकली. "ताई, पंखा बठ्ठा शेतस," ते अहिराणीत म्हणाले, "वारा तेवढा नही." पंखे सगळे आहेत, वारा तेवढा नाही.

मला हसू आलं, पण शालू हसली नाही. निवृत्तीच्या दिवशी आपण एका कुलपाला पाठ दाखवून घरी जाणार, हे तिच्या मनाला फार लागलेलं होतं. बत्तीस वर्षं नोकरी करून शेवटी आपण वाचनकक्ष बंद केला, असं ती दोनदा म्हणाली. मी तिला वेडी म्हटलं. त्याहून बरं काही सुचलं नाही.

दुपारी आम्ही गावातल्या एका सराफाकडं गेलो. मी सांगलीच्या पद्धतीनं सरळ मुद्द्यावर आले. आमच्याकडं देणगी मागायला गेलं की चहा, तीन मिनिटं, आकडा, नमस्कार. ज्याला द्यायचं नसतं तोही लवकर सांगतो, म्हणजे आपण पुढच्या घरी जायला मोकळे. सराफांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, शालूनं काढलेला वायरिंगचा नकाशा उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "यात नाव कुठं येईल?"

"नाव येत नाही," शालू म्हणाली. "तारा भिंतीच्या आत असतात."

"मग सरस्वती देतो. पितळेची, एवढी." त्यांनी छातीपर्यंत हात नेला.

सरस्वत्या ग्रंथालयात आधीच चार होत्या. आम्ही आभार मानून बाहेर पडलो आणि संध्याकाळी दुःख विसरण्यासाठी शेवभाजी खाल्ली. त्या भाजीनं दुःख तर गेलंच, डोळ्यांतलं पाणीही तासभर थांबलं नाही. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या माणसांना तिखटाचा फार गर्व असतो. तो मी जळगावच्या एका खानावळीत सोडून आले आहे.

यावलकडं

दुसऱ्या दिवशी केळीच्या मुलखात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी, इतकी की हिरव्या भिंतींमधून गाडी चालल्यासारखं वाटतं. कमलअक्कांनी आम्हाला मळ्यात भरिताला बोलावलं होतं. नाही कसं म्हणणार? खोक्यांतला पहिला पंखा अक्कांनीच दिलेला होता.

इथं मला खानदेशाचा पहिला धडा मिळाला. जेवण होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही. आणि जेवण सहजी होत नाही. कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात हातभर लांबीची हिरवी वांगी भाजतात, साल काढतात आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट पात्रात, मुसळीनं ठेचतात. पाहुण्यानं नुसतं बसायचं नसतं. माझ्या हातात मुसळी दिली. मी चारपाच घाव घातले, त्यातला एक बडगीत पडला. बाकीचे कुठं पडले ते माझ्या साडीवर दिसत होतं.

"सांगलीले वांगे नसतीन," अक्का म्हणाल्या. त्या सत्तरीच्या, सडपातळ, कपाळावर हिरवं गोंदण. "नही तं एवढी कशाले बिचकती?"

केळीच्या पानावर भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, पातीचा कांदा. त्या चवीबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण ज्यांनी खाल्लंय त्यांना कळतं आणि बाकीच्यांचा जीव उगीच कशाला जाळायचा. तिसरी भाकरी संपली तेव्हा अक्कांनी हात पुसत सहज विचारलं, "नानाचा पंखा कसा फिरतो?"

नाना म्हणजे त्यांचे यजमान. गेल्या चैत्रात गेले. जळगावच्या बाजारात केळी घालायला आले की परतीच्या एसटीला वेळ असायचा, तेव्हा ते विद्यापीठाच्या वाचनकक्षात जाऊन वर्तमानपत्र वाचत बसायचे. धोतर, टोपी, हातात पिशवी. "कोन्ही त्याहीले ऊठ म्हने नही," अक्का म्हणाल्या. "पोरं सरकून जागा देत. घरी आले का मले सांगत, आज तठी बसलो व्हतो. म्हनून पंखा तठी देला."

शालूचा चेहरा उतरला. आबांनी तिची अडचण ओळखली आणि मध्ये उडी घेतली.

"फिरस ना अक्का! मस्त फिरस! वारा काय, वादय शे वादय!"

"कोन्त्या रांगेत लावला?"

"तिसरी... चौथी रांग," आबा म्हणाले आणि त्यांनी उगीचच भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला.

"आबा, पुरे," शालू म्हणाली. मग तिनं अक्कांना सगळं खरं सांगितलं. धूर, कुलूप, खोकी. पंखा अजून एकदाही फिरलेला नाही, हेही सांगितलं. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

अक्का बराच वेळ विस्तवातल्या काड्या मागंपुढं करत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई आम्हाला उठवणार.

"चैतात नानाचं वरीस हाये," त्या अखेर म्हणाल्या. "त्या दिशी मी तठी येईन, डबा घिऊन. पंखा फिरतांना पाहीन, मंगच घरी जाईन. नही फिरला तं तुमचं खोकं उचलून घरी आनीन आन गोठ्यात लावीन. म्हशीले तरी वारा लागीन."

एवढं बोलून त्यांनी आम्हाला प्रत्येकी एक केळीचा घड दिला. देणगी मागायला गेलेली माणसं गाडीभर केळी आणि एक तारीख घेऊन परतली.

धुळे

तिसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो. वाटेत एरंडोलजवळ पद्मालयाला थांबलो, कारण आबांनी गणपतीकडं रदबदली करायचं ठरवलं होतं. तळ्यात कमळं होती, माकडं होती, आणि आबा डोळे मिटून देवाशी एवढा वेळ बोलत होते की एका माकडानं तेवढ्यात त्यांच्या पिशवीतली केळी संपवली. "देवना हिस्सा देवले गया," आबा म्हणाले. मला हा माणूस आवडायला लागला होता.

पुढं एका धर्मशाळेत चहाला उतरलो. तिथल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं. दिवंगत माणसाच्या नावावर पाय कसा द्यायचा म्हणून मी बाजूबाजूनं, एकेक पायरी चुकवत चढायला लागले आणि कुणा सौभाग्यवतीच्या स्मृतीवर सपशेल आडवी झाले. गुडघा फुटला. आमच्याकडं लोक कमानी उभारतात आणि पुढाऱ्याचे फ्लेक्स लावतात. ते डोक्यावर असतात. पायाशी नाव लिहून घेण्याची नम्रता अंगवळणी पडायला सराव लागतो.

धुळ्यात आम्हाला मोतीशेठना भेटायचं होतं. राजस्थानातून पाचसहा पिढ्यांमागं आलेलं जैन घराणं, कापडाचं मोठं दुकान, स्वभाव गोड. गावात शिरल्यापासून मला त्यांचं नाव दिसत होतं. पाणपोईवर मोतीशेठ, बसथांब्यावर मोतीशेठ, स्मशानातल्या बाकावरही मोतीशेठ असल्याचं आबांनी सांगितलं.

"बसा, बसा. पहिले चहा, मग नाश्ता, मग जेवण. काम काय, पळून जातं?"

काम खरंच पळून गेलं नाही. चहा झाला, नाश्ता झाला, जेवण झालं, बडीशेप झाली. मग शालूनं नकाशा काढला. मोतीशेठनी तो सुलटा धरला, म्हणून मला जरा आशा वाटली.

"बात अशी आहे मॅडम," ते म्हणाले, "मी देणार नाही असं नाही. पंखे सांगा, पंचवीस देतो. कूलर सांगा. पण वायरिंगवर नाव कुठं घालायचं? भिंतीच्या आत माझं नाव कोण वाचणार? पाल?"

शालूनं नकाशाची घडी घातली. ती दमली होती. सहा महिन्यांत हा प्रश्न तिनं किती जणांकडून ऐकला असेल! मी काहीतरी पाहायचं म्हणून भिंतीवरची तसबीर पाहू लागले. मंदिराच्या जीर्णोद्धाराला मदत करणाऱ्यांची छापील यादी होती. सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरात, 'एक सद्गृहस्थ (गुप्तदान)'. खाली इतरांची नावं.

आता मी सांगलीची, मला काय माहीत. मी विचारलं, "हे सद्गृहस्थ कोण हो?"

मोतीशेठ पंख्याकडं पाहायला लागले. त्यांचा मुलगा पायाची बोटं पाहायला लागला. आबांनी मला कोपरानं ढोसलं. शेवटी आतल्या दारातून भाभी, म्हणजे मोतीशेठच्या पत्नी, हसू दाबत म्हणाल्या, "ताई, ते हेच."

"अगं, गुप्त आहे ते!" मोतीशेठ रागावले, पण त्या रागात आनंदच जास्त होता.

"गुप्तच आहे," भाभी म्हणाल्या. "धुळ्यात कुणालाच माहीत नाही. फक्त सगळ्यांना माहीत आहे."

मला तेव्हा जे सुचलं त्याला मी हुशारी म्हणणार नाही, कारण उत्तर डोळ्यांसमोर काच लावून टांगलेलं होतं. मी म्हटलं, "शेठजी, पंखा कुणीही देतं. त्यावर नाव असतं, जाणारायेणारा वाचतो. पण भिंतीच्या आतलं दान म्हणजे गुप्तदानच की. त्याच्यापेक्षा गुप्त काय असणार? वरून प्लॅस्टर होणार."

मोतीशेठ सरळ बसले.

"प्लॅस्टर होणार?"

"आणि त्यावर रंग," शालूनं लगेच साथ दिली. मागायची लाज वाटते म्हणणारी हीच ती बाई.

"कुठंही उल्लेख नाही?"

"कुठंही नाही."

"नक्की? नंतर कुणी म्हणायला नको, मोतीशेठनं सांगून टाकलं." त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि आकडा सांगितला. निम्म्या खर्चाच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्तच होता. आम्ही उभं राहून आभार मानले. "कुणाला बोलू नका," त्यांनी तीनदा बजावलं. आम्ही चपला घालत होतो तेवढ्यात आतून त्यांचा फोनवरचा आवाज आला. चाळीसगावच्या व्याह्यांना ते सांगत होते, "आज मी काय दान केलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही व्याहीजी. विचारूच नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं आहे, पण विचारू नका."

चाळीसगाव

पारोळ्याच्या अलीकडं असताना शालूचा फोन वाजला. व्याहीजी होते.

"मोतीशेठनी किती दिले ते मला सांगू नका," ते म्हणाले. "मला ऐकायचंच नाही. ते पाप आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा, माझे त्यांच्यापेक्षा जास्त कसे होतील?"

आबांनी गाडी तिथंच वळवली.

व्याहीजींची चाळीसगावच्या बाहेर कापसाची जिनिंग फॅक्टरी आहे. पांढऱ्याशुभ्र कापसाचे डोंगर, नाकात तंतू, आणि त्या सगळ्यात एक छोटं ऑफिस. गुप्तता राखायची म्हणून त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. खिडकीही लावली. मग बाहेरच्या माणसाला चहा आणायला सांगण्यासाठी खिडकी उघडून ते ओरडले, "चार चहा! वायरिंगवाल्या मॅडम आल्यात!" परत जाताना वजनकाट्यावरच्या माणसानं आम्हाला नमस्कार केला आणि विचारलं, "आपल्या शेठनी तांब्याच्या तारेचं दिलं ना? अल्युमिनियमचं नको, सांगून ठेवा."

त्यानंतर जे झालं ते शालूनं मला फोनवर सांगितलं, कारण मी चौथ्या दिवशी सांगलीची गाडी धरली. बातमी पाहुण्यांतून पाहुण्यांत, व्याह्यांतून व्याह्यांत गेली. खानदेशात कुणी नाव लावून दिलं तर शेजारी म्हणतो, दिलं असेल. पण कुणी नाव न लावता दिलं, तर शेजाऱ्याला झोप येत नाही. महिनाभरात सातआठ जणांनी गुप्तदान केलं. पितळेच्या सरस्वतीवाले सराफही आले आणि म्हणाले, मूर्ती राहू द्या, माझंही आत घ्या. विद्यापीठाच्या हिशेब खात्यानं एक अर्ज पाठवला, त्यात रकाना होता 'गुप्तदात्याचे संपूर्ण नाव व पत्ता'. शालूनं डोक्याला हात लावला. आबांनी अर्ज वाचून सुचवलं, "लिखी टाका, बठ्ठासले माहीत शे."

चैत्रात, पुन्हा जळगाव

मला पुन्हा जायचं काही कारण नव्हतं. एप्रिलात जळगावला जायचं म्हणजे तव्यावर स्वतःहून बसायचं, असं आमचा जावई म्हणाला. पण अक्कांची तारीख माझ्या डोक्यातून जाईना. शालूला मी आधी कळवलंही नाही. तिकीट काढल्यावर सांगितलं.

वायरिंग झालं होतं. नवे बोर्ड, नव्या तारा, भिंतींना मोतिया रंग. कुठलाही पंखा कुठल्याही पंख्याला लागणार नाही असे मोजून टांगलेले. उरलेले पंखे खालच्या वर्गांना दिलेले. तपासणीच्या माणसानं सहीही केली होती. फक्त दाराला कुलूप तसंच होतं.

"उद्घाटन पुढच्या आठवड्यात आहे," शालू म्हणाली. "प्रमुख पाहुण्यांना तीच तारीख जमते. तोवर उघडायचं नाही, असं वरून पत्र आलंय."

"आणि अक्का?"

"उद्या सकाळच्या एसटीनं येतायत. मी परवापासून तीन वेळा परवानगी मागितली."

कार्डावर सही नसेल तर जिनं कुलगुरूंनाही पुस्तक दिलं नाही, अशी ही बाई. एक नियम मोडायचा तर तिला रात्रभर झोप नाही. सकाळी नऊला अक्का आल्या. हातात पितळी डबा, खांद्याला पिशवी, पिशवीत एक चादर आणि एक सुतळीचं बंडल. खोकं बांधून न्यायची पूर्ण तयारी. व्हरांड्यात मुलं पुस्तकांनी वारा घेत बसली होती. ऊन असं की कठड्याला हात लावला तर पोळत होता.

"उघडं हाये का?" अक्कांनी विचारलं.

शालूनं त्यांच्याकडं पाहिलं, त्या मुलांकडं पाहिलं. मग ती वर गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. "फीत पुढच्या आठवड्यात कापतील," ती म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटतं तो उन्हामुळं नव्हता. मुलांना सांगावं लागलं नाही. दोन मिनिटांत जिना रिकामा आणि टेबलं भरलेली.

गंमत म्हणजे त्याच दिवशी मोतीशेठ "असाच जळगावला आलो होतो" म्हणून आले, आणि व्याहीजी "असाच मोतीशेठबरोबर" आले. दोघंही एकमेकांपासून लांब, दोन वेगवेगळ्या भिंतींवरून हात फिरवत उभे राहिले. "तार इथून जाते का?" मोतीशेठनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, असेल. त्यांना तेवढं पुरलं.

आबांनी अक्कांना चौथ्या रांगेत, खिडकीजवळच्या पंख्याखाली नेलं. जानेवारीत घाबरून सांगितलेली रांग त्यांनी खरी करून ठेवली होती. तीन पात्यांवर लाल अक्षरांत नानांचं नाव होतं. अक्कांनी मान वर करून ते बोट फिरवत वाचलं. एकेक पातं, सावकाश. त्यांना अक्षरओळख बेताची आहे, हे मला तेव्हा कळलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. लावा."

शालूनं बटण दाबलं. पंखा आधी जरा कुरकुरला, मग हलला, मग फिरू लागला. वेग आला तशी लाल अक्षरं एकमेकांत मिसळली आणि वर नुसतं एक फिकट तांबडं कडं राहिलं. कुणाचं नाव आहे, काही कळेना.

एवढ्या लोकांनी एवढी वर्षं पंख्यांवर नावं घातली, पण फिरणाऱ्या पंख्यावरचं नाव वाचता येत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! माझ्याही नाही. मी इथले सगळे पंखे बंदच पाहिलेले.

"नाव दिसे ना," अक्का वर बघत म्हणाल्या.

शालू घाईनं बटणाकडं गेली. "थांबा अक्का, बंद करते. नीट बघून घ्या, मग परत..."

"नको! राहू दे." अक्कांनी तिला हातानंच थांबवलं. त्यांच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं सरकला होता. तो त्यांनी सावरला नाही. "नाव मले पाठ हाये."

शेजारच्या खुर्चीवर चोपड्याकडची एक मुलगी सुट्या कागदांच्या टिपणांत डोकं खुपसून बसली होती. तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. पंखा तिच्याही डोक्यावर होता, आणि तिचे कागद फडफडायला लागले. एक उडाला, तो आबांनी पकडून दिला. ती एका हातानं कागद दाबायची, दुसऱ्या हातानं लिहायची, आणि पान उलटायची वेळ आली की तिची पंचाईत व्हायची. अक्का थोडा वेळ ते पाहत राहिल्या. मग त्यांनी आपली खुर्ची पुढं ओढली आणि तिच्या कागदांच्या गठ्ठ्यावर आपला हात ठेवला.

"तू वाच, माय," त्या म्हणाल्या. "मी धरते."

मुलीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. पान संपलं की ती नुसती मान हलवायची, अक्का हात उचलायच्या, ती पान बदलायची, अक्का हात ठेवायच्या. डबा तसाच राहिला. त्यांची दुपारची एसटीही गेली.